अंगठ्याचा प्राणवायू

आमच्या घराण्यात पायांकडे बघायची पद्धत नाही. तोंडाकडे बघतात, पानाकडे बघतात, शेजारच्याच्या पानाकडे तर जरा जास्तच बघतात. पण पाय हा अवयव दुसऱ्यांनी वाकून बघायचा आणि आपण वरच्या वर 'शतायुषी व्हा' म्हणून मोकळं व्हायचं, अशी आमची वडिलोपार्जित समजूत. पायांनी चालावं, उगीच बोलू नये. बोललेच, तर रात्री थोडं खोबरेल चोळून त्यांना गप्प करावं.

मराठी भाषेनं मात्र पायांवर केवढी पाळत ठेवली आहे बघा. सून येते ती पायगुण घेऊन, पाहुणा येतो तो पायधूळ झाडायला, कचेऱ्यांमधून पायपीट होते, साहेबाचे पाय धरावे लागतात आणि प्रकरण अंगाशी येतंय असं दिसलं की काढता पाय घ्यावा लागतो. यातला 'काढता पाय' मी आयुष्यभर अगदी बेफिकीरपणे वापरला. लग्नातून, सभेतून, वर्गणी मागणाऱ्यांच्या घोळक्यातून मी असंख्य वेळा काढता पाय घेतला आहे. पण एका सर्जनच्या तोंडून 'पाय काढावा लागेल' हे शब्द ऐकले आणि त्या दिवसापासून मी आपला नुसता 'निघतो' म्हणतो.

पाय माझा नव्हे, दादाचा.

दादा पेणला असतो, मी रोह्याला. मधे नागोठणं आणि कासू. दादा चौतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवत होता. निवृत्त झाल्यावर माणसं हरिपाठाला लागतात, दादा गणपतीच्या कारखान्यात लागला. पेणमध्ये ज्याचा गणपतीशी काही संबंध नाही असा माणूस सापडणं जरा कठीणच. कोणी माती मळतो, कोणी साचे भरतो, कोणी पॉलिश पेपर मारतो, आणि ज्याला काहीच येत नाही तो मूर्तींची किंमत फार वाढली म्हणून तक्रार करतो. दादाकडे डोळ्यांची आखणी असते. ज्येष्ठ लागला की तो जमिनीवर मांडी ठोकून बसतो आणि एकामागून एक गणपतींना दृष्टी देत सुटतो. स्वतःला जाड भिंगाचा चष्मा आहे, ते सोडा.

आता कारखाना झाला तरी आत चारशे गणपती उभे. तिथे वहाणा घालून कसं जायचं? "प्राणप्रतिष्ठा व्हायची असली म्हणून काय झालं? घरी यायच्या आधी पाहुणा पाहुणा नसतो का?" असं दादाचं म्हणणं. म्हणून तो दारातच वहाणा काढायचा आणि दिवसभर त्या प्लॅस्टरच्या कपच्या, तारेचे तुकडे आणि रंगाचे डबे यांतून अनवाणी हिंडायचा.

आणि आमच्याकडे साखर आहे. म्हणजे रक्तातली. वडिलांची जमीन कुळकायद्यात गेली, साखर मात्र कुठल्याही कायद्यात न जाता दोघा भावांत सारखी वाटली गेली. दादा गोळ्या घेतो. माझी 'बॉर्डरवर' आहे. गेली सहा वर्षं ती बिचारी बॉर्डरवरच पहारा देत उभी आहे, असं मी घरी सांगत आलो आहे. २०२३ साली आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं देशात मधुमेहाचे १० कोटी १० लाख लोक असल्याचा अंदाज दिला. तेव्हा यात आता मिरवण्यासारखंही काही उरलेलं नाही.

तर दोन वर्षांपूर्वीच्या ज्येष्ठातली गोष्ट. वहिनींना सकाळी स्वयंपाकघराच्या फरशीवर लाल ठसे दिसले. लक्ष्मीची पावलं काढतात तसे, फक्त एकाच अंगठ्याचे. दादा कारखान्यातून येताना रोज पायाला काही ना काही रंग घेऊन येतो. सोंडेचा गुलाबी, शेल्याचा जांभळा, उंदराचा राखाडी. त्यामुळे वहिनींनी ओल्या फडक्यानं ठसे पुसले आणि "आज लाल शेले वाटतं?" एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशीही पुसले. तिसऱ्या दिवशी दादा म्हणाला, "अगं, लाल शेले कालपासून बंद आहेत. आता पिवळे चालू आहेत."

मग दोघांनी मिळून दादाचा पाय बघितला. लग्नाला बेचाळीस वर्षं झाल्यावर प्रथमच. उजव्या अंगठ्याच्या खालून नखाएवढा तारेचा तुकडा आत गेला होता, आणि तो निदान तीन दिवस आतच होता. दादाला पत्ताच नव्हता.

"दुखलं नाही?" मी फोनवर विचारलं.

"अजिबात नाही," दादा अभिमानानं म्हणाला. लहानपणी तो मार खाऊनही रडायचा नाही, त्याच चालीवर.

दुखलं नाही यातच सगळी ग्यानबाची मेख होती. पण ती कळायला आम्हांला आणखी दहा दिवस लागले, कारण मधले दहा दिवस उपचारांत गेले. शेजारच्यांनी हळद सांगितली, समोरच्यांनी मध. एका आजींनी कसलासा पाला ठेचून दिला, तो बकरीनं अर्धा खाल्ला. एका गृहस्थांनी गरम पाण्यात पाय बुडवून बसायला सांगितलं. हा सल्ला देणारे गृहस्थ फार सज्जन आहेत, म्हणूनच मी त्यांना अजून काही बोललेलो नाही. ज्या पायाला तार कळत नाही त्याला पाणी किती गरम आहे हे तरी काय कळणार? अंगठ्याचं टोक काळपट दिसायला लागलं तेव्हा वहिनींनी सगळ्यांचे सल्ले गुंडाळून ठेवले आणि दादाला रिक्षात घातलं.

पेणचे ते डॉक्टर दादाचेच विद्यार्थी निघाले. आत शिरताच उठून उभे राहिले.

"सर, ओळखलंत का? सातवीत तुम्ही मला चित्रकलेत नापास केलं होतं."

"कशात चुकला होतास?" दादानं विचारलं.

"पायात, सर. माणसाला पाय काढायला सांगितले होते. मला पाय काढता यायचे नाहीत."

"आता येतात का?"

डॉक्टर हसले, पण अर्धंच. अंगठा बघून झाला होता.

मग त्यांनी एक मजेदार परीक्षा घेतली. पेनासारखी एक दांडी, तिच्या टोकाला नायलॉनचा जाडसर दोरा. तो दोरा वाकेपर्यंत तळव्यावर टेकवायचा. वाकतो तेव्हा बरोबर दहा ग्रॅमचा दाब पडतो म्हणे. पेशंटनं डोळे मिटायचे आणि लागलं की 'हो' म्हणायचं. दादानं डोळे मिटले. "हो," दादा म्हणाला. थोडं थांबून पुन्हा "हो." मग "हो." हजेरी घेतल्यासारखं ठराविक अंतरानं चाललं होतं. डॉक्टर माझ्याकडे बघत होते. दोरा त्यांच्या हातातच होता, अजून कुठेही टेकवलेला नव्हता. आणि मग त्यांनी जेव्हा खरोखरच टेकवला, तेव्हा दादा गप्प.

शाळेत इतकी वर्षं मुलांच्या कॉप्या पकडणारा माणूस! मला हसू येईना.

पायाची जाणीव गेली होती ही झाली एक गोष्ट. डॉक्टरांना काळजी होती ती दुसऱ्याच गोष्टीची. पावलावरची नाडी बोटांना लागत नव्हती. त्यांनी दंडावर आणि घोट्यावर, दोन्ही ठिकाणी रक्तदाब मोजला. दंडावर १५०, घोट्यावर २२५. मला बरं वाटलं. म्हटलं, पायात जोर आहे!

"तेच तर वाईट आहे काका," डॉक्टर म्हणाले. घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्यानं भागायचं. उत्तर एकाच्या आसपास यावं. ०.९ च्या खाली आलं तर रक्तवाहिनी तुंबलेली, हे सरळच. पण आमचं आलं दीड. म्हणजे साखरेनं धमन्यांच्या भिंतीत चुना बसून त्या इतक्या कडक झालेल्या, की पट्टा आवळला तरी दबतच नाहीत. आकडा फुगतो, आत रक्त किती वाहतंय ते कळत नाही. आमच्या बिल्डिंगमधल्या जुन्या लोखंडी नळांची मला आठवण झाली. बाहेरून इतके भक्कम की हातोडीला दाद देत नाहीत, आणि आतून एवढे भरलेले की तिसऱ्या मजल्यावर बादली भरायला एक आख्खी बातमीपत्राची वेळ लागते.

डॉक्टरांनी कागदावर पायातल्या धमन्यांचं चित्र काढून दाखवलं. दादानं ते खिशातल्या पेन्सिलीनं दुरुस्त केलं. "पोटरी अशी नसते."

मग दुसरं मत घ्यायला म्हणून आम्ही एका मोठ्या शहरातल्या मोठ्या सर्जनकडे गेलो. गाव सांगत नाही, नावही सांगत नाही. त्यांनी चार मिनिटं बघितलं आणि गुडघ्याखाली बोटानं एक रेघ ओढून दाखवली. "इथून घेतला की प्रश्न मिटला. अंगठा काढाल, जखम भरणार नाही. मग पाऊल काढाल, तेही भरणार नाही. त्यापेक्षा एकदाच."

परतताना दादा गाडीत एकच वाक्य बोलला. "मांडी कशी घालायची रे मग?"

त्या रात्री पेणला घरात परिषद भरली. आमच्याकडे कोणतंही संकट आलं की आधी माणसं येतात, मग चहा येतो आणि मग मतं येतात. एक मावसभाऊ म्हणाले, कापूनच टाका. एक आत्या म्हणाल्या, अमावास्या होऊ दे. पुतण्या मात्र आधुनिक. त्यानं २०२० सालच्या साथीत घेतलेला ऑक्सिमीटर कपाटातून शोधून काढला. त्या वर्षी प्रत्येक घरात तो आला होता, आठवतं ना? बोटाला चिमट्यासारखा लावून सगळे आपापला आकडा सांगत बसायचे, रमीतले गुण सांगावेत तसे. पुतण्यानं तो दादाच्या दुसऱ्या, धडधाकट दिसणाऱ्या बोटाला चिकटवला. बराच वेळ त्यानं विचार केला आणि आकडा दाखवला: ९६.

"बघा! शंभरातले शहाण्णव! कशाला कापायचा पाय?" परिषदेत एकदम उत्साह आला. दुसऱ्यांदा चहा झाला.

सकाळी मी तो शहाण्णव घेऊन डॉक्टरांकडे गेलो. ते वैतागले नाहीत. त्यांनी विचारलं, "काका, वडखळ नाका आठवतो का? बायपास व्हायच्या आधीचा?"

आठवतो म्हणजे काय? माझ्या आयुष्यातले काही महिने मी तिथे उभ्या एस्टीत काढले आहेत.

"समजा नाक्यावर ट्रक अडकलेत. प्रत्येक ट्रकात वाकून बघितलं, तर शंभरातले शहाण्णव ट्रक मालानं भरलेले. तुमचा ऑक्सिमीटर एवढंच सांगतो. पण रोह्याच्या दुकानात माल पोचला का?"

रोह्याच्या माणसाला इतकं स्पष्ट कोणी सांगितलं नव्हतं. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूनं किती टक्के भरलंय हा एक प्रश्न, आणि तो प्राणवायू बोटाच्या कातडीपर्यंत पोचतोय किती हा दुसरा. जखम भरते ती पोचलेल्या मालावर, ट्रकातल्या नव्हे.

"हे दुकानातच जाऊन मोजता येतं," डॉक्टर म्हणाले. "कातडीवरून. सुई नाही, चीर नाही. मुंबईला सोय आहे. पाय कुठून काढायचा, काढायचा की नाही, हे ठरवायच्या आधी तेवढं करून घ्या. सरांचा पाय आहे."

मी रोह्याहून पहिली दिव्याची गाडी पकडून पेणला उतरलो आणि भाड्याच्या गाडीत दादाला घालून आम्ही मुंबईला निघालो. परीक्षेला सकाळी कॉफी नको, विडी-सिगरेट नको, असं बजावलं होतं. दादा दोन्ही घेत नाही, तरी त्याला ते अन्यायाचं वाटलं.

इस्पितळातली ती खोली उबदार होती. मुंबईतल्या इस्पितळात एसी बंद असलेली खोली मिळणं हेच नवल. पण थंडीनं कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आखडतात आणि आकडा खोटा येतो, म्हणून. दादाला पलंगावर आडवं केलं. परीक्षा घेणारी मुलगी पंचविशीची असेल. तिनं पावलावरची जागा पुसली, तिथले दादाचे तीन केस भादरले, चिकटपट्टीचं कडं बसवलं, त्यात द्रवाचे दोन थेंब टाकले आणि वर बटणासारखा एक सेन्सर फिरवून बसवला. मागे वायर. असंच एक गुडघ्याखाली आणि एक छातीवर, गळ्याच्या हाडाखाली.

"छातीवर कशाला?" मी विचारलं.

"कंट्रोल म्हणून. छातीवरच आकडा कमी आला तर दोष पायाचा नाही, फुफ्फुसाचा किंवा हृदयाचा. मग पायाला उगीच कशाला बोल लावायचा?"

मला ही न्यायबुद्धी फार आवडली.

सेन्सर गरम होतो. ४४ अंशांपर्यंत. उबेनं खालच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त वर येतं आणि प्राणवायू कातडीतून झिरपून सेन्सरच्या पातळ पापुद्र्यापर्यंत पोचतो. तिथे प्लॅटिनमचा एक कण बसलेला असतो. जितका प्राणवायू येईल तितका विजेचा अगदी सूक्ष्म प्रवाह. तो मोजायचा आणि पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये आकडा दाखवायचा. आकडा स्थिर व्हायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. तोवर पेशंटनं शांत पडायचं. हालायचं नाही, बोलायचं नाही.

बोलायचं नाही! दादाला! तोवर तो त्या मुलीला, विनोबा आमच्या पेण तालुक्यातले, गागोद्याचे, १९५१ साली भूदानासाठी निघाले ते तेरा वर्षं चालत होते, असं सांगत विनोबांच्या पायांपर्यंत येऊन पोचला होता. तिथेच त्याला थांबावं लागलं. माझ्या जन्मापासून मी दादाला ओळखतो. जागेपणी तो सलग वीस मिनिटं गप्प राहिल्याची ही पहिली वेळ. छताकडे बघत होता. मी त्याच्या पायाकडे बघत होतो. लहानपणी मला खांद्यावर घेऊन कुंडलिकेच्या पाण्यातून पलीकडे नेणारे ते पाय. पोटरीवर ती जुनी खूण तशीच होती. मी एकदा चिडून फेकलेल्या पाटीची.

त्या यंत्राचा इतिहास मी मागाहून शोधून वाचला, कारण रात्री झोप यायची नाही. लेलंड क्लार्क नावाचे एक अमेरिकन शास्त्रज्ञ होते. त्यांनी रक्तात प्राणवायू मिसळायचं एक उपकरण केलं, आणि त्यावरचा लेख नियतकालिकानं परत पाठवला. का? तर रक्तात प्राणवायू खरोखर वाढला याचं मोजमाप नव्हतं. आमच्याकडे लेख परत आला की लेखक संपादकाला नावं ठेवतो. क्लार्कनी प्राणवायू मोजणारा इलेक्ट्रोडच तयार केला आणि १९५६ साली तो जगापुढे मांडला. पुढे १९६२ साली त्यांनीच लायन्स या सहकाऱ्याबरोबर त्याच कल्पनेवर रक्तातली साखर मोजण्याची युक्ती सुचवली, म्हणजे आज घरोघरी जे ग्लुकोमीटर आहेत त्यांचे पूर्वज. साखरेनं केलेला घोटाळा शेवटी त्यांच्याच दुसऱ्या यंत्रावर मोजायचा असतो हे बघून मला गंमत वाटली. कातडीवर गरम सेन्सर ठेवायची कल्पना जर्मनीत मारबुर्गला १९७०च्या सुमारास हुख पतिपत्नी आणि त्यांचे सहकारी ल्यूबर्स यांनी रूढ केली, तीही पायांसाठी नव्हेच. ती अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी. त्या बाळांना प्राणवायू कमी पडला तर जिवाला धोका, जास्त झाला तर डोळे जायची भीती. आणि घटकेघटकेला सुई टोचून रक्त काढायला त्या मुठीएवढ्या जिवात रक्त असतं किती? डोळे वाचवायला निघालेलं यंत्र डोळे आखणाऱ्याच्या पायाशी येऊन पोचलं होतं.

अठराव्या मिनिटाला मुलीनं आकडे वाचले. छाती ६४. गुडघ्याखाली ५१. पाऊल २७.

सत्तावीस! शाळेत पस्तीसला पास. दादानं माझ्याकडे बघितलं.

"थांबा, अजून झालेलं नाही," ती म्हणाली आणि दादाच्या नाकातोंडावर प्राणवायूचा मुखवटा बसवला. दहा मिनिटं. पावलाचा आकडा हलेना. मग एकतीस झाला. मग चाळीस. मग बघता बघता बावन्न, साठ, आणि एकाहत्तरावर येऊन थांबला. शेअरबाजारात माझा कधी असा फायदा झाला नाही.

तिथल्या पायांच्या तज्ज्ञ डॉक्टरांनी अर्थ सांगितला. साधारणपणे चाळिसाच्या वर असेल तर जखम भरायची चांगली आशा. विसाच्या खाली असेल तर कठीण. मधला सगळा प्रांत विचार करण्याचा. "आज सत्तावीसवर अंगठा काढला तर जखम भरेलच असं मी सांगणार नाही. गुडघ्याखाली एक्कावन्न आहे, तिथे भरेल."

"म्हणजे ते सर्जन बरोबर बोलत होते," दादा म्हणाला. आवाज अगदी साधा होता.

"आजच्या रस्त्यावर बरोबर. पण मुखवटा लावल्यावर आकडा चढला म्हणजे रस्ता अगदीच बंद नाही, अरुंद आहे. आधी रुंद करता येतो का बघू. पाय काढायला काय, केव्हाही काढता येतो."

मग अँजिओग्राफी झाली, गुडघ्याखालच्या एका धमनीत बारीक फुगा घालून ती उघडली गेली. खर्चाचं बोलत नाही. आमच्या आईच्या पाटल्या त्यात गेल्या आणि वहिनींनी त्या देताना एकदासुद्धा मनगटाकडे बघितलं नाही. आठवड्यानं अंगठा काढला. पेरापासून पुढचा. काळा झालेला भाग काही परत येणार नव्हता.

ऑपरेशनच्या आधी संमतीच्या कागदावर सही करताना दादा म्हणाला, "आजवर गुरुदक्षिणा म्हणून शिष्यानं अंगठा दिल्याचं ऐकलं होतं. गुरूनं द्यायची ही पहिलीच वेळ." आणि सही झोकात केली. अंगठेबहाद्दर व्हायचं नव्हतं ना!

चार आठवड्यांनी पुन्हा मुंबई. फुग्यानं रस्ता उघडला तरी कातडीपर्यंत माल पोचायला वेळ लागतो, म्हणून लगेच मोजत नाहीत. पुन्हा उबदार खोली, पुन्हा तीन केस, पुन्हा वीस मिनिटांचं मौन. या वेळी पाऊल ४७. त्या मुलीनं आकडा वाचला आणि दादा पहिलं वाक्य बोलला ते असं: "तर विनोबा पुढे..." सेन्सर काढल्यावर पावलावर रुपयाएवढा लाल गोल उमटला होता. उबेमुळे उमटतो, दिवसभरात जातो. दादानं तो मोबाइलच्या उजेडात नीट न्याहाळला आणि "वर्तुळ फार सुरेख आलंय," असा शेरा दिला.

जखम भरायला पुढे अडीच महिने लागले. त्या वर्षी दादानं आखणी केली ती खुर्चीवर बसून, पाय समोरच्या स्टुलावर. मूर्ती टेबलावर ठेवून. आयुष्यात प्रथमच गणपती त्याच्या डोळ्यांच्या पातळीला आले. त्या सालच्या मूर्तींची नजर जरा समोरची आहे असं माझं मत. दादाला ते मान्य नाही.

राहिला प्रश्न अनवाणी चालण्याचा. डॉक्टर म्हणाले, एमसीआरच्या चपला घालायच्या, मऊ तळाच्या, घरातसुद्धा. या चपलांचं मूळ कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांत आहे. वेल्लोरला पॉल ब्रँड नावाचे सर्जन होते, जन्मानं आपल्याकडचेच, १९१४ साली तमिळनाडूतल्या डोंगरात जन्मलेले. कुष्ठरोग्यांची बोटं झडतात ती रोगानं नव्हे, तर दुखत नाही म्हणून होणाऱ्या जखमांनी, हे त्यांनी जगाला पटवलं. दुखणं ही देणगी आहे असं ते म्हणत. हे मी दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "मग मला ती परत कुठे मिळेल बघ."

चपला आणल्या. पण कारखान्यात दादा पुन्हा दारातच अडला. आत चारशे पाहुणे उभे! वहिनी, कारखानदार, डॉक्टर, सगळ्यांनी सांगून बघितलं. शेवटी तोड काढली ती कारखान्यातल्या माती मळणाऱ्या बाईंनी. त्या म्हणाल्या, "नवा जोड आणा, तो बाहेर नेऊच नका. रस्ता बघितला नाही, चिखल बघितला नाही, तर त्याला विटाळ कसला?" असे ते बूट आता कारखान्यातच एका फळीवर असतात, वर स्वच्छ पंचा झाकलेला. सोवळ्यातले बूट. दादा दारात वहाणा काढतो, पाय धुतो, बोटांच्या बेचक्या कोरड्या करतो आणि सोवळ्यातले बूट घालून गणपतींच्या डोळ्यांत बघायला जातो.

आणि रोज रात्री आरसा घेऊन स्वतःचे तळवे बघतो. वहिनींचा कुंकवाचा आरसा त्या कामी लागला आहे.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण शिक्षक तो शिक्षकच. आता घरी येणाऱ्या प्रत्येकाचे पाय तो तपासतो. पोस्टमन सुटला नाही, गॅसवाला सुटला नाही. परवा गणपतीला मी पेणला गेलो. आरती झाली, मोदक झाले. मी तिसऱ्याकडे हात नेला तेव्हा दादानं नुसतं बघितलं. निघताना नेहमीप्रमाणे नमस्काराला वाकलो, तर त्यानं पाय मागे घेतला.

"नमस्कार राहू दे. बस इथे. तुझी ती बॉर्डर कुठवर आलीय बघू."

"अरे दादा, माझं काही नाही. मला काही दुखत नाही, खुपत नाही..."

"तेच मीही म्हणत होतो. मोजे काढ."

त्यानं कपाटातून ती पेनासारखी दांडी काढली. डॉक्टरांकडून जुनी मागून आणली होती. वहिनी, पुतण्या, सगळे कोंडाळं करून बसले. वर गणपती बघत होता, समोरच्या नजरेनं.

"डोळे मीट. लागलं की हो म्हण."

मी डोळे मिटले. बराच वेळ काही कळेना. उगीच सगळ्यांना काळजी नको, म्हणून मी म्हणालो, "हो."

"अजून लावलेला नाही," दादा म्हणाला.